भाड्याच्या घरातले तीन खिळे

लग्नाला बारा वर्षं झाली आणि हे आमचं पाचवं घर. पाचही भाड्याची, पाचही पुण्यातच, आणि प्रत्येक घरात शिरताना मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, भिंतीला खिळा मारायचा नाही. आम्ही कधी मारलाही नाही. फोटो कपाटावर टेकवून ठेवले, पडदे म्हणून चादरी लावल्या, आणि माळ्यावर तीन खोकी तशीच बांधलेली, त्यावर माझ्याच अक्षरात मार्करने लिहिलेलं, "आपल्या घरात गेल्यावर". एका खोक्याची चिकटपट्टी तर दुसऱ्या घरापासून उघडलेलीच नव्हती.

मागच्या घरात काय झालं ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. सोडताना मालकांनी डिपॉझिटमधून सहा हजार कापले. रंग खराब झाला म्हणून. अख्ख्या घरात आमचा एक खिळा नव्हता, धाकट्याला पेन्सिल घेऊन भिंतीजवळ जाऊ दिलं नव्हतं, आणि तरीही सहा हजार गेले. त्या दिवशी टेम्पोत पुढे बसून येताना मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटत होतं, की तीन वर्षं आपण त्या भिंती सांभाळल्या आणि त्यात राहिलोच नाही. लेक त्या घरात तीन इयत्ता पुढे गेली. तिने काढलेलं एकही चित्र कधी भिंतीवर लागलं नाही, सगळी फाइलमध्ये.

म्हणून या वेळी धनकवडीतल्या या घराचं अॅग्रीमेंट करायच्या आधीच मी मालक काकांसमोर बसून सरळ विचारलं. काका, अकरा महिन्यांचा करार आहे, तुम्ही म्हणाल तर पुढेही राहू, पण मला घर लावायचंय, काही खिळे मारायची परवानगी द्या, जाताना भोकांत लांबी (पुट्टी) भरून देऊ. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तीन मारा. का तीन ते मला माहीत नाही. मी घरी येऊन लगेच तसा व्हॉट्सअॅप मेसेज टाकला, "काका, ठरल्याप्रमाणे तीन खिळे", त्यांनी अंगठा पाठवला, तो मी जपून ठेवलाय. आणि सामान आत यायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, बाथरूमच्या टाइल्सचा, ओल आलेल्या कोपऱ्याचा फोटो काढून त्यांना पाठवून दिला. भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकीला मी हे एक काम पहिलं करायला सांगेन, कपाट लावायच्याही आधी.

पैसे किती होते तर आठ हजार. आमची बारा जणींची भिशी आहे हजाराची, माझा नंबर जूनमध्ये लागला, त्यातले चार हजार शाळेच्या व्हॅनला गेले, उरलेले आठ. नवरा मार्केट यार्डात एका गाळ्यावर हिशेब लिहितो, माझं घरूनच ब्लाऊज-फॉलपिकोचं काम, त्यामुळे आठ हजार घरावर घालायचे म्हणजे छातीत धडधड होतेच. नवरा म्हणाला, तू ठरवलंयस ना, मग करून टाक.

पहिला विचार रंगाचा होता, हॉलची एक भिंत गेरूच्या रंगाची करायची. मग हिशेब मांडला. पत्र्याने खरवडणं, प्रायमर, रंग, रोलर, आणि जाताना परत पांढरं करून द्यायचं म्हणजे तोच खर्च दुसऱ्यांदा. सोडून दिलं. भाड्याच्या घरात जे उचलून नेता येत नाही त्यावर पैसा घालायचा नाही हे तिथेच ठरलं.

त्याऐवजी आधी उजेड बदलला. हॉलमध्ये पांढरी ट्यूब होती, संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे दवाखान्यात बसल्यासारखे दिसायचे. बुरुड आळीत जाऊन दोन बांबूच्या टोपल्या आणल्या, दीडशेला एक, विणीला जरा विरळ बघून, म्हणजे उजेड बाहेर येतो. तपकीर गल्लीतून होल्डर, वायर आणि 9 वॉटचे पिवळ्या उजेडाचे एलईडी बल्ब. टोपलीला तळात भोक पाडून होल्डर बसवला, आणि छताला पंख्याचे म्हणून आधीपासूनच दोन हूक होते, पंखा एकावरच, दुसरा रिकामा, त्यावर एक टोपली टांगली. दुसरी खिडकीच्या ग्रिलला. एक मात्र लक्षात ठेवा, टोपलीत जुना तारेचा बल्ब कधीच लावू नका, तो एवढा तापतो की बांबू काळा पडतो, आगीची भीती. एलईडी कमी तापतो, तरीही आम्ही टोपली बल्बपासून चार बोटं लांब ठेवलीय आणि झोपताना बंद करतो. पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं तर भिंतीवर टोपलीच्या विणीची सावली पडली, गोल गोल, आणि धाकटा पंधरा मिनिटं त्या सावलीत हात घालून बसला होता.

पडद्यांसाठी माहेरच्या आईने दोन जाड सुती साड्या दिल्या. तिने वापरून वापरून मऊ केलेल्या, एक वांगी रंगाची, एक मोरपंखी. हे जरा नीट सांगते कारण माझं रोजचं काम आहे. साडी साधारण साडेपाच मीटर म्हणजे अठरा फूट. दारासाठी वर-खाली दुमड धरून साडेसात फुटाचे दोन तुकडे निघतात, पंधरा फूट गेले, उरलेल्या तीन फुटात उशांचे दोन अभ्रे होतात. साडीचे काठ लांबीच्या दोन्ही बाजूंना असतात म्हणून आडवा तुकडा पाडला की पडद्याला दोन्ही कडांना काठ आपोआप येतो, वेगळी पट्टी लावायला नको. पण कापायच्या आधी साडी खिडकीसमोर धरून उजेडात बघायची. निऱ्यांचा भाग, गुडघ्यापाशी येतो तो, तिथे सूत विरळ झालेलं असतं, दिसतं लगेच. तो भाग पडद्यात घेतला तर पहिल्या उन्हाळ्यात फाटणार. मी तो अभ्र्याला घेतला आणि आतून जुन्या चादरीचं अस्तर दिलं. पश्चिमेच्या खिडकीच्या पडद्यालाही अस्तर दिलंय, दुपारचं ऊन सुती रंग खाऊन टाकतं.

आई, म्हणजे सासूबाई, कराडजवळच्या गावच्या. त्यांच्या लग्नातली पत्र्याची ट्रंक आमच्याबरोबर पाच घरं फिरली, कायम पलंगाखाली. ती बाहेर काढली. पॉलिश पेपरने गंज घासायला दोन रविवार लागले, मग रेड ऑक्साइड, तो वाळल्यावर हिरवा ऑइलपेंट दोन हात. वर गादीवाल्याकडून भरून आणलेली पातळ उशी. आता ती हॉलमध्ये बसायला आहे आणि आत अख्ख्या घराच्या चादरी मावतात. आई तिच्यावर बसत नाहीत अजून. म्हणतात, "माझ्या बानं घेतलीया ती, तिच्यावर कसं बसू." धाकटा मात्र तिथेच बसून दूध पितो आणि त्या बघत राहतात.

आता खिळे. तीनच असल्यामुळे घरात जी चर्चा झाली तेवढी आमच्या लग्नाच्या याद्यांतही झाली नसेल. कालनिर्णय आधी बाद झालं, ते स्वयंपाकघराच्या ग्रिलला सुतळीने बांधलं, तिथे छान राहतं. चिकटवायचे हूक आम्ही मागच्या घरात एकदा करून पाहिले होते, डिस्टेंपरच्या भिंतीवर ते टिकत नाहीत, खाली येताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतात, त्या सहा हजारांत तोही पापुद्रा असेल कदाचित.

पहिला खिळा सासऱ्यांच्या फोटोला. यात कुणी बोललंच नाही. ते जाऊन आठ वर्षं झाली, आणि फोटो कायम कपाटावर बॅगेशेजारी. आईंनी तो रोज खाली काढून पुसायचा, परत वर ठेवायचा, हात पुरत नाही म्हणून मोरीतलं स्टूल आणायचं. आता त्यांच्या उंचीला लावलाय, हात सरळ जाईल असा. पाहुण्यांना तो जरा खाली वाटतो. तो आईंसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही.

दुसरा लेकीने मागितला. तिला शाळेत चित्रकलेच्या तासाला वारली शिकवलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. बाईंनी त्यांना जिव्या सोमा मशे यांच्याबद्दल सांगितलं होतं, पालघरकडचे वारली चित्रकार, ज्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. वारली लोकांकडे लग्नात सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहितात, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करतात, हे सगळं ती जेवताना सांगत होती. चौक मात्र काढायचा नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं, तो त्यांच्या लग्नाचा आणि देवीचा आहे, आपल्या हॉलमध्ये शोभेला कशाला. तिने तारप्याभोवतीचा नाच घेतला, तारपा म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. कशावर काढायचं तर सुपावर. मी घरातलं जुनं सूप काढलं तर आई म्हणाल्या, "फाटकं सूप भितीला लावत्यात व्हय? सूप म्हंजी लक्ष्मी. नवं आण." आणलं, दीडशे रुपये. गेरू पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घातला, नाहीतर वाळल्यावर हाताला लागतो, दोन हात दिले, आणि पांढऱ्या पोस्टर कलरने तिने तीन दिवस काढलं. एका नाचणाऱ्याचा पाय दुसऱ्याच्या पायात गेलाय. तिला तो पुसायचा होता, मी पुसू दिला नाही.

तिसरा खिळा आठ दिवस रिकामा राहिला. मला तिथे आरसा हवा होता, ब्लाऊजच्या गिऱ्हाइकांना बघायला उपयोगी. मग एका रात्री जेवण झाल्यावर नवरा माळ्यावर चढला आणि ते न उघडलेलं खोकं खाली घेऊन आला. गावच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा त्याच्या वाट्याला आलेलं लंबकाचं घड्याळ, गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. मला माहीत होतं ते आहे म्हणून, पण बारा वर्षांत तो त्याबद्दल एकदाही बोलला नव्हता. म्हणाला, "तुझा आरसा असू दे, मी नुसतं बघत होतो." आरशाचं मी त्यानंतर कधी नाव काढलं नाही.

दुरुस्तीला अकराशे गेले, सगळ्या घरावरच्या खर्चात सगळ्यात मोठा खर्च हाच. घड्याळ जड, साध्या खिळ्याचं काम नव्हतं, म्हणून काकांना विचारलं तर ते स्वतःच ड्रिल घेऊन वर आले, भोक पाडलं, स्क्रू धरून ठेवणारी गिट्टी त्यात ठोकून स्क्रू बसवला, आणि चहा घेऊन गेले. पण घड्याळ चालेना. लंबक हलवला की दोन मिनिटं चालायचं आणि थांबायचं. नवरा म्हणाला ते सरळ नाहीये. मला तर सरळच दिसत होतं. त्याने कान लावला, टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं पाहिजे म्हणे, इथे टिक-टॉक, मग जरा थांबून परत टिक-टॉक असं लंगडत होतं. पेटीचं खालचं टोक केसभर डावीकडे सरकवायचं, ऐकायचं, परत सरकवायचं. आई खाटेवरून म्हणाल्या, "तुझं दादाबी असंच करायचं." दादा म्हणजे सासरे. रात्रीचे साडेअकरा वाजले असतील, पोरं झोपलेली, आम्ही तिघं अंधारात गप्प बसून ऐकत होतो, आणि एका क्षणी ते लंगडणं थांबलं.

चावी आठ दिवस पुरते. दोन भोकं आहेत, एक वेळेचं, एक ठोक्यांचं, त्यामुळे रविवारी सकाळी दोन्ही पोरांना एकेक मिळतं, भांडण नाही. आईंना रात्री झोप कमी, त्या म्हणतात ठोके ऐकू आले की किती वाजले ते उठून बघावं लागत नाही.

एकूण खर्च चार हजार दीडशे झाला, त्यात ग्रिलमध्ये तेलाच्या डब्यांत लावलेली तुळस, गवती चहा, ओव्याचं पान आणि त्यांची माती पण आली. डब्यांना तळाला भोकं पाडायला विसरू नका, मुळं कुजतात. उरलेल्या पैशातून आईंची दाढ काढून घेतली.

पुढच्या महिन्यात करार संपतोय. काका वाढवतील असं वाटतं, भाडं पण वाढवतील, बोलणं अजून झालेलं नाही. झालं नाही तर लांबीचा छोटा डबा आणून ठेवलाय, तीन भोकांना पुष्कळ. टोपल्या, ट्रंक, सूप, घड्याळ सगळं टेम्पोत मावतं. आणि पडद्यांना खाली मी मुद्दाम चार बोटं दुमड जास्त ठेवलीय, हाताने टाके घातलेत, पुढच्या घराचं दार उंच निघालं तर उसवून सोडता येईल.