झ्युरिक ते मिलान: डोंगर बघायचे असतील तर थेट फास्ट ट्रेन घेऊ नका

एजंटने झ्युरिक-मिलान थेट ट्रेन "आल्प्समधून जाते, सीनिक आहे" म्हणून गळ्यात मारली, वर व्ह्यूसाठी फर्स्ट क्लासचे जादा पैसे लावले. सुरुवातीची तळी सुंदर आहेत, पण एर्स्टफेल्डनंतर जो अंधार होतो तो ५७ किलोमीटर! २०१६ साली सुरू झालेला गॉटहार्ड बेस टनेल, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. काम जबरदस्त केलंय, पण वीसेक मिनिटं काळी काच बघायला कोणी जादा पैसे का द्यावेत? बाहेर येईपर्यंत मोठे डोंगर मागे पडलेले असतात आणि पुढे चेनेरीचा १५ किलोमीटरचा बोगदा आहेच. वासेन गावातलं चर्च तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसतं ते वरच्या १८८२ च्या जुन्या लाइनवरून, तिथून त्रेनो गोतार्दो नावाची गाडी जाते, रिझर्व्हेशन लागत नाही. हे त्या माणसाने सांगायलाच हवं होतं, अजून संताप येतो.

परत येताना मिलान-तिरानो-सेंट मॉरिट्झ-कूर असे आलो आणि डोळ्यांचं पारणं फिटलं. बोर घाटाचा चढ १:३७, इथे तिरानो-सेंट मॉरिट्झ मार्गावर जवळपास १:१४ आणि तरी दातेरी रूळ नाहीत, ४२९ मीटरवरच्या तिरानोहून गाडी नुसत्या चाकांच्या पकडीवर २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बेर्निना स्टेशनला चढते. ब्रुसिओला तर पुलाखालून जाऊन गोल फिरते आणि त्याच पुलावरून स्वतःचेच रूळ ओलांडते, मी ओरडलोच!

बेर्निना एक्सप्रेस या टुरिस्ट गाडीच्या नादी लागू नका. स्विस पास (स्विस गाड्यांचा प्रवासी पास) असला तरी रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे आणि काचा उघडत नाहीत. त्याच रुळांवर दर तासाला साधी लोकल आहे, रिझर्व्हेशन नको, बऱ्याच खिडक्या उघडतात, आल्प ग्र्यूम स्टेशनला उतरून पालू ग्लेशियर बघा आणि पुढची गाडी पकडा. जॅकेट हाताशी ठेवा, वर उन्हाळ्यातही गारठा असतो.

मिलानहून कूरपर्यंत प्रत्येक गाडीत डावीकडेच बसा, लेक कोमो, लागो बियांको तळं, लांडवासर पूल सगळं त्याच बाजूला. गाड्या बदलाव्या लागतात, त्यामुळे सामान स्वतः उचलता येईल एवढंच घ्या. तिरानोला दोन्ही स्टेशनं शेजारीशेजारी आहेत, घाई करू नका. स्विस पास तिरानोपर्यंतच चालतो, मिलान-तिरानोचं इटालियन तिकीट वेगळं काढा आणि कागदी असेल तर चढण्याआधी मशीनमधे पंच करा, नाहीतर दंड बसतो.