आत्याचा राजा

काल रविवारी सकाळपासून पावसाने उसंत घेतली नव्हती. गंगापूर धरणातून पाणी सोडल्यामुळे गंगेवर, म्हणजे नाशिकच्या गोदावरीवर, जाण्याचा प्रश्नच नव्हता. पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागल्याचे दादा दोनदा पाहून येऊन सांगत होता. अशा दुपारी पंचवटीतल्या घरी पत्ते निघणे ओघानेच आले, आणि चिन्मय पुण्याला गेल्यापासून आत्यासमोरची जागा रिकामी असल्यामुळे तिथे तिची भिडू म्हणून मला बसवण्यात आले. मेंढीकोट शिकायला लागल्यापासूनचा हा माझा चौथा रविवार. आज सोमवारची रात्र झाली, तरी कालचा एक हात मनातून जात नाही.

हुकूम इस्पिकचा होता. आठ हात होऊन गेले होते. पाच आमचे, तीन त्यांचे. मेंढ्या, म्हणजे दहाची पाने, मात्र दोन त्यांच्याकडे गेलेल्या, एक आमच्याकडे, आणि चौथी, चौकटची, माझ्या हातात. आत्याने उतारी केली ती बदामाच्या राजाची. दादाने नव्वी टाकली. माझ्याकडे बदाम उरले नव्हते आणि माझ्यानंतर वहिनींचे पान यायचे होते. बदामाचा एक्का वहिनींनी दडवून ठेवला असणार, असे मला वाटले, कसे ते आता सांगता येत नाही. मेंढी हातातच ठेवून मी हुकमाची पंजी टाकली आणि आमचाच हात कापला. वहिनींनी बदामाची तिर्री ठेवली. एक्का तर दादाने दुसऱ्याच हाताला टाकलेला होता. तो माझ्या डोळ्यांसमोर पडला होता आणि मी तो विसरले होते.

पुढे मी किलवरची सत्ती उतरले, वहिनींनी राणीने हात घेतला आणि लगेच चौकटचा एक्का मांडला. आत्याच्या हाती हुकमाचा एक्का होता, पण चौकटचे पान असताना हुकूम टाकता येत नाही, म्हणून तिने मुकाट्याने छक्की दिली. माझ्याकडे चौकटचे एकच पान होते. तिसरी मेंढी त्यांच्याकडे गेली आणि डाव तिथेच संपला. ती राजावर दिली असती तर मेंढ्या दोन-दोन झाल्या असत्या, अशा वेळी ज्यांचे सात हात त्यांचा डाव, आणि आत्याच्या एक्क्याने सातवा हात आमचाच होता.

आत्या रागावली नाही. पाने गोळा करता करता तिने इतकेच विचारले, "तुला वाटलं, माझा राजा पडेल?"

मी उत्तर दिले नाही. घरी येताना रिक्षात मला रडू येत होते, आणि एका पत्त्याच्या डावासाठी या वयात रडू यावे याचेही वाईट वाटत होते. लहानपणी दिवाळीत डाव रंगायचे तेव्हा मी कायम लिंबूटिंबू. पाने पिसून द्यायची, पाणी आणायचे, आणि कोणाच्या हातात काय आहे ते बोलायचे नाही. मला कोणी शिकवलेच नाही, मग आता एक्के मोजता येत नाहीत यात माझा काय दोष, असे मी स्वतःला बराच वेळ सांगत राहिले. पण आत्याने एक्क्याविषयी विचारलेच नव्हते. तिने विचारले होते ते राजाविषयी, म्हणजे खरे तर तिच्याविषयी. समोर बसून ५२ पानांचा हिशेब ठेवणारी बाई राजा उगीच उतरणार नाही, एवढे मी धरून चालायला हवे होते. ह्यांनी लावलेले कुलूप मी रोज परत एकदा ओढून पाहते, तेही आज आठवले.

त्या डावानंतर वहिनींनी सुचवले होते, भिडू बदलून पाहू या का. आत्या म्हणाली, "नको. तू पाने वाट." तेव्हा मला ती कीव वाटली आणि ती जास्त लागली. पाच-चार-चार करत १३ पाने हातात येईपर्यंत मी मान वर केली नाही. त्या डावात आत्याने किलवरचा एक्का उतरला आणि माझ्याकडे किलवर नव्हते. या खेपेला मी क्षणभरही न थांबता बदामाची मेंढी त्यावर दिली. वहिनींकडेही किलवर नव्हते. त्यांनी हुकमाची दुर्री टाकून हात नेला, मेंढीसकट. मी आत्याकडे पाहिले. "पान बरोबर होतं," ती म्हणाली आणि पुढच्या उतारीची वाट पाहू लागली.

विचार करते आहे तो याचाच. ही मेंढीही गेली, पण ती गेल्याचे मला काहीच वाटत नाही. राजावर न दिलेली मात्र काल रात्रभर हातात असल्यासारखी वाटत होती. आत्याच्या राजावर माझा विश्वास नव्हता, हे तिला दिसले. दिसले तर दिसले. पुन्हा तिच्यासमोर बसायचे आहे, आणि ती मला बसू देते आहे.

जेवणे झाल्यावर टेबलावर एकटीनेच चार हात वाटले आणि उघडे मांडून खेळून पाहिले. चारही एक्के शेवटपर्यंत लक्षात राहिले, राजे दोनच.

दुपारी आत्याचा फोन आला होता. पाणी उतरले, दुकाने उघडू लागली, असे सांगून तिने विचारले, "रविवारी चारला येशील ना?" मी हो म्हटले. राजाबद्दल बोलायचे मनात होते, ते राहून गेले.