चाकाले आरसा कायले?

सेकंडहँड गाडी अमरावतीहून घरी आणली, त्या संध्याकाळी बाबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग चाकापाशी उकिडवे बसले, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "चाकाले आरसा कायले लावला रे?"

आधीच्या मालकानं हौसेनं क्रोम-लुक अलॉय, म्हणजे क्रोमसारखी चकाकणारी अॅल्युमिनियमची चाकं, बसवली होती. बाबांच्या मनात क्रोम म्हणजे त्यांच्या जुन्या राजदूत मोटरसायकलचा सायलेंसर. तो ते चुलीच्या राखेनं घासायचे आणि त्याला काही होत नसे. माझ्या चाकांनाही तोच उपाय करायला निघाले होते, चिंधीसुद्धा शोधून आणली होती. कसंबसं थांबवलं.

राजदूतवरचं क्रोम खरं होतं. आत निकेलचा जाड थर, त्यावर एका मायक्रॉनहून पातळ पण टणक क्रोमियम. माझ्या चाकांवर तसं काही नाही. अॅल्युमिनियमवर रंगाचा गुळगुळीत थर, त्यावर चमक देणारा धातूचा अगदी पातळ पापुद्रा आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. आपण जे घासतो, पुसतो, जपतो ते हे लॅकरच. त्यावर राख, तारेची घासणी किंवा धातूचं पॉलिश फिरवलं, की आरशाची काच खरवडली म्हणून समजा.

दर्यापूर तालुक्यात आमचं गाव. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहीर घ्या, बोअर घ्या, पाणी खारटच. पिण्यासाठी शहानूर धरणाचं नळाचं पाणी आणि बाकी सगळ्याला बोअर. बादलीच्या काठावर, नळाच्या तोटीवर, कूलरच्या जाळीवर पांढरं कवच धरतं. पहिल्या हिवाळ्यात मी दर रविवारी बोअरच्याच पाइपानं गाडी धुवायचो, तेही दुपारी, उन्हात. दोन महिन्यांत चाकांवर पांढरे ठिपके आले. नखानं निघेनात.

त्या सुमारास मोबाइलवर बाहेरदेशातल्या एका बुवाचा व्हिडिओ पाहिला. हिवाळ्याआधी चाकं कशी जपावीत, हे तो सांगत होता. त्यांच्याकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते मीठ चाकं खातं. मला हसू आलं. आमच्याकडे कुठलं बर्फ अन् कुठलं मीठ! बायको शेजारी तूर निवडत होती. ती म्हणाली, "त्यायचं मीठ रस्त्यावर हाय, आपलं बोअरमंदी." माझं हसणं तिथंच थांबलं.

खरंच आहे ते. मिठातलं क्लोराइड लॅकरला कुठं टवका उडालेला असेल तिथून आत शिरतं आणि खालचं अॅल्युमिनियम पोखरायला लागतं. मग लॅकरखाली पांढऱ्या अळीसारख्या रेघा पसरतात. आमच्या भागात क्लोराइड आणखी एका वाटेनं येतं, ते म्हणजे पोटॅश. कृषी केंद्रात ज्याला एमओपी म्हणतात ते पोटॅशियम क्लोराइडच. फाटक्या पोत्यातून सांडलेल्या लाल दाण्यांवरून मी गाडी कितीदा नेली असेल, देव जाणे. त्यात हिवाळ्यात पहाटे दव इतकं पडतं, की गाडी पाण्यातून काढल्यासारखी होते. फुफाटा, खत, ब्रेकची काळी भुकटी, सगळं त्या दवात भिजतं आणि चिकटून बसतं. पावसाळ्यात निदान वरून गोडं पाणी तरी पडतं.

ठिपके निघेनात म्हणून मी मोठी चूक केली. तालुक्याच्या एका वॉशिंग सेंटरवर गाडी नेली. पोरगं म्हणालं, "भाऊ, असिड मारू का? चकाचक होते." मीही "मार" म्हणालो. गाडी नुकतीच वीस किलोमीटर पळवून आणलेली, चाकं तापलेली. त्यानं बाटलीतून फुसफुस मारलं, धूर निघाल्यासारखं झालं आणि ठिपके खरंच गेले. आठ दिवसांनी डाव्या मागच्या चाकाचं लॅकर दुधाळ झालं, मग कडेनं सोलायला लागलं. त्या पोरालाच का बोलू? हो मीच म्हटलं होतं.

आता दिवाळी झाली, कापूस वेचणीची पहिली घाई ओसरली, की एक सकाळ चाकांसाठी ठेवतो. नळ आला की दोन बादल्या गोडं पाणी बाजूला काढायचं. यावर घरात दरवर्षी थोडी कुरकूर होते, ती ऐकून घ्यायची. गाडी रात्रभर उभी असल्यानं चाकं गार असतात. धूळ सुटावी म्हणून आधी नुसतं पाणी ओतायचं. तसंच फडकं मारलं तर आपल्या काळ्या मातीतले खडे लॅकरवर फिरतात. मग गाडीचा साधा शाम्पू आणि मऊ ब्रश. एक चाक पुरतं धुऊन पुसून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. चाकांचं फडकं वेगळं, त्यानं दरवाजे पुसायचे नाहीत. नटांच्या खोबणीत आणि आतल्या बाजूला जास्त वेळ जातो, तिथंच घाण दडते.

पुसणं हे धुण्यापेक्षा मोठं काम. थेंब चाकावर वाळू द्यायचा नाही. नेमकं इथंच मी पहिल्या वर्षी फसलो होतो. जुने ठिपके राहिलेच, तर पांढरा व्हिनेगर तेवढंच गोडं पाणी घालून पातळ करायचा, फडक्यानं अर्धं मिनिट टेकवायचा आणि लगेच धुऊन काढायचा. टॉयलेट क्लीनर मात्र कोणी कितीही सांगितलं तरी लावू नका, त्यात हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं.

चाक कोरडं ठणठणीत झालं, की व्हील सीलंटचा, म्हणजे लॅकरवर राखणीचा थर धरणाऱ्या लेपाचा, पातळ हात. मेणही चालतं, पण ब्रेकच्या उष्णतेत ते लवकर उतरतं. जिथं टवका उडालाय तिथं आधी बारीक ब्रशनं क्लिअर लॅकरचा थेंब. पंक्चरवाल्याकडेही उभं राहावं लागतं, त्याची लोखंडी पहार रिमच्या कडेला पहिला टवका काढते.

राहता राहिलं आमच्या गल्लीतलं काळं कुत्रं. ते रोज सकाळी न चुकता उजव्या पुढच्या चाकावर हजेरी लावतं. त्यातही क्षारच. बाबांनी निळीच्या पाण्याची बाटली चाकापाशी ठेवली. कुत्र्यानं चार दिवस मान दिला, पाचव्या दिवशी चाक आणि बाटली दोन्ही भिजवली. आता रोज सकाळी एक तांब्या गोडं पाणी मी तिथं ओततो आणि पुसून घेतो.

सोललेलं चाक अजून तसंच आहे. नवीन रंगाला जो भाव सांगतात, त्यात हरभऱ्याचं बियाणं येतं. म्हणून अंगणात गाडी डावी बाजू भिंतीकडे करून लावतो. पाहुणे आले, की बाबा त्यांना नेमके त्याच बाजूला घेऊन जातात.