डाव्या बाजूचा जोड

31 ऑगस्ट 2019 च्या शनिवारी रात्री मी घरी मखराच्या मागचा पडदा टाचत बसलो होतो. सोमवारी गणेश चतुर्थी होती आणि गणपत गल्लीतून आणलेले निम्मे सामान अजून पिशवीतच होते. साडेदहाच्या सुमारास आमच्या कार्यशाळेतल्या एका विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, युबेर गेला," एवढेच तो म्हणाला आणि गप्प झाला. घरातल्या कोणाला हे नाव ठाऊक नव्हते, त्यामुळे माझा चेहरा पाहून बायकोला आमच्या नात्यातलेच कोणी गेले असे वाटले.

मी बेळगावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल विभागात शिकवतो. विद्यार्थी स्वतः आराखडा काढून एका माणसाची छोटी रेसिंग कार तयार करतात आणि जानेवारीत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरील स्पर्धेत उतरवतात. त्या गटाची जबाबदारी माझ्याकडे होती. फोन करणारा मुलगा खानापूर तालुक्यातला आणि आमच्या गाडीचा चालक होता. आंत्वान युबेर या फ्रेंच शर्यतचालक मुलावर त्याचा जीव होता. युबेर 22 वर्षांचा होता, 2018 मध्ये जीपी थ्री या खालच्या पायरीवरच्या शर्यतमालिकेचा विजेता ठरला होता, आणि 2019 मध्ये तिच्या वरच्या फॉर्म्युला टूमध्ये मोनॅको व पॉल रिकार येथे जिंकला होता. फॉर्म्युला वन आता त्याच्यापासून एकाच पायरीवर आहे असे आमची मुले म्हणत असत.

बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोरशाँप येथे, शर्यतीच्या दुसऱ्याच फेरीत हा अपघात झाला. तिथे ओ रूजच्या खोलगटातून गाडी वर चढते आणि रेदियोंच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडे काय आहे ते चालकाला दिसत नाही. जांबोटीच्या पुढे चोर्ला घाटाकडे जाताना समोरचा चढ संपेपर्यंत पलीकडची गाडी दिसत नाही, तसाच तो प्रकार असला तरी तिथे वेग दोनशेच्या वर असतो. पुढची एक गाडी घसरली, तिला चुकवण्यासाठी दुसरीने वेग कमी केला, आणि तिला टाळताना युबेर उजवीकडे गेला, तिच्या मागच्या भागाला घासून कठड्यावर आदळला आणि परत फिरून मध्ये आला. त्याच वेळी मागून येणाऱ्या हुआन मॅन्युएल कोरियाची गाडी त्याच्या गाडीच्या बगलेत घुसली. मोटर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा चौकशी अहवाल फेब्रुवारी 2020 मध्ये आला, तेव्हा कोरियाचा त्या क्षणीचा वेग ताशी 218 किलोमीटर होता आणि युबेरच्या गाडीला बसलेला धक्का 81.8 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 81.8 पट होता हे कळले. साठ किलो वजनाच्या माणसाचे वजन क्षणभर पाच टनांच्या जवळ जावे, असा तो आकडा आहे. अपघाताचे एकच एक कारण अहवालाला दाखवता आले नाही.

रविवारी सकाळी कार्यशाळा बंद ठेवायचे ठरले होते, तरी मी नऊ वाजता गेलो तेव्हा मुले आधीच येऊन बसलेली होती. ऑगस्टच्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचे पाणी आले, त्यामुळे पुण्याहून येणारे पाईप आम्हाला बरेच उशिरा मिळाले होते. चेसिस, म्हणजे गाडीचा नळ्यांचा सांगाडा, आठवड्याभरात घाईने उभी केली होती. ती जिगवर, म्हणजे नळ्या पकडून ठेवणाऱ्या चौकटीवर, तशीच होती, तिला ना रंग ना चाके. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीतून आम्हाला वेल्डिंग शिकवायला येणारे मामाही आले होते. मुलांचे चेहरे बघून ते म्हणाले, "नशीब बघा सर, दुसरं काय. एवढं कोवळं पोरगं."

मामांना त्या मुलाविषयी खरोखर वाईट वाटले होते, आणि असे मरण समोर आले की आपल्याकडे हाच शब्द प्रथम तोंडात येतो हेही मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मला तो शब्द त्या खोलीत राहू द्यायचा नव्हता, कारण पंधरा मुले तो ऐकत होती आणि त्यांपैकी एकजण जानेवारीत त्या चेसिसमध्ये बसणार होता. मी फळ्याजवळ गेलो आणि त्यांना जिम डाउनिंग व रॉबर्ट हबर्ड यांची गोष्ट सांगितली. डाउनिंग शर्यतीत गाडी चालवत, हबर्ड प्राध्यापक होते, आणि दोघे नात्याने मेहुणे. 1981 मध्ये त्यांचा मित्र पात्रिक जाकमार सरावाच्या वेळी मरण पावला. शरीर पट्ट्यांनी घट्ट बांधलेले होते, पण डोके मोकळे होते. गाडी थांबली तेव्हा डोके पुढे फेकले गेले आणि कवटीच्या तळाचे हाड तुटले. या दोघांनी त्या मरणाचा हिशेब मांडला आणि खांद्यावर बसणारे, हेल्मेटला दोन दोऱ्यांनी जोडलेले हान्स नावाचे साधन घडवले. पहिली काही वर्षे ते कोणी घेईना, कारण चालकांना ते अवघड वाटे आणि मान वळवताना आड येई. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या डेटोना येथे नामांकित शर्यतचालक डेल अर्नहार्ट मरण पावला, तेव्हा कुठे लोकांचे डोळे उघडले, आणि 2003 मध्ये फॉर्म्युला वनने ते सक्तीचे केले. उपाय हातात असताना मधली इतकी वर्षे गेली, ही गोष्ट सांगताना मला आजही राग येतो.

2014 मध्ये जपानमधल्या सुझुकाच्या पावसात फॉर्म्युला वनचा चालक ज्यूल्स बियांकी याची गाडी ट्रॅकच्या कडेला काम करणाऱ्या क्रेनवर आदळली, नऊ महिन्यांनी 17 जुलै 2015 रोजी तो गेला, आणि त्या अपघातामुळे अपघातस्थळी सगळ्या गाड्यांचा वेग एकाच वेळी उतरवणारी व्यवस्था आली. डोक्याभोवतीची हेलो नावाची टायटॅनियमची कमान 2018 पासून आली. ती युबेरच्या गाडीलाही होती. पण हेलो डोक्याला जपते. बगलेत बसलेला घाव झेलायला चालकाच्या बरगडीशेजारी असते ती गाडीची भिंत, आणि तिथे जागाच थोडी असते. पुढच्या नाकात धातू चुरगळायला हातभर अंतर मिळते, तेवढे बाजूला मिळत नाही.

इथपर्यंत चालक मुलगा एक शब्दही बोलला नव्हता. मग त्याने विचारले, "सर, आपल्या गाडीला बाजूनं लागलं तर?"

मी नियमपुस्तकातला आकडा फळ्यावर लिहिला. आमच्या गाडीच्या नाकातला धक्का शोषणारा भाग 300 किलोची गाडी सेकंदाला 7 मीटर वेगाने आदळली तर लागणारी 7350 ज्यूल ऊर्जा पचवू शकला पाहिजे. हा वेग ताशी जेमतेम 25 किलोमीटर होतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून 218 च्या वेगाला प्रत्येक किलोमागे ती जवळजवळ पंचाहत्तर पट होते. आमची स्पर्धा त्या वेगाची नाही, एका वेळी अनेक गाड्या खेटून सोडत नाहीत, हे मी त्याला सांगितले आणि ते खरेही आहे. पण बाजूच्या तीन नळ्या, ज्या त्याच्या कमरेपासून हातभर अंतरावर होत्या, त्यांच्या भिंतीची जाडी 1.75 मिलिमीटर होती. त्या नळ्यांची ताकद त्यांच्या जोडाएवढीच, आणि जोड मी फक्त डोळ्यांनी तपासले होते. तपासणीच्या कागदावर माझी सही होती. हे त्याला सांगताना माझा आवाज खाली गेला.

"मग डीपी करूया की सर," मामा म्हणाले.

डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्ट, ही उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रोजची बाब आहे. जोड क्लीनरने पुसायचा, त्यावर लाल रंग फवारायचा, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, मग कापडाने सगळा लाल पुसून काढायचा आणि वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. धातूला कुठे फट असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यातून वर येतो. आम्ही डावीकडून सुरुवात केली. पहिले सहा जोड पांढरे राहिले. सातवा जोड म्हणजे बाजूची खालची नळी चालकाच्या पाठीमागच्या मुख्य कमानीला मिळते ती जागा. तिथे पांढरे वाळले आणि काहीच दिसले नाही. मी पुढे सरकणार, एवढ्यात एका मुलीने मोबाईलचा उजेड तिरपा धरला. वेल्डच्या शेवटी, जिथे टॉर्च उचलली जाते तिथल्या खळग्यात, तांदळाच्या दाण्याएवढी लाल रेघ उमटत होती. आधी फिकी होती. आमच्या देखत ती गडद झाली आणि तिच्या कडेने रंग पसरू लागला.

कोणी काही बोलले नाही. तो जोड ज्या मुलाने मारला होता, तो तिथेच उभा होता. टिग वेल्डिंगमध्ये शेवटी करंट हळूहळू उतरवावा लागतो. एकदम तोडला तर तो खळगा आवळून थंड होतो आणि मधोमध तडकतो. हे मामांनी शिकवले होते, पण रात्री अकरा वाजता, पाईप उशिरा आलेले असताना, एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातून ते राहून गेले. मी त्याला तिथेच सांगितले की जोड त्याने मारला असला तरी तो पास मी केला होता, आणि दोष सही करणाऱ्याचा आहे. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ग्राइंडर त्याच्याच हातात दिला.

दुपारभर कापाकापी चालली. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास स्पालाच फॉर्म्युला वनची बेल्जियन ग्रांप्री सुरू झाली तेव्हा मुलांनी लॅपटॉप वेल्डिंगच्या टेबलावर ठेवला. शर्यतीपूर्वी सगळे चालक डोकी खाली घालून उभे होते, आणि त्यांच्यासोबत युबेरची आई आणि भाऊ त्याच्या हेल्मेटसह उभे होते. त्याचा क्रमांक 19 होता, म्हणून एकोणिसाव्या फेरीला प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले. आमच्या कार्यशाळेतही हातमोजे घातलेली मुले उभी राहिली. ती शर्यत शार्ल लक्लेर जिंकला. युबेर त्याचा लहानपणापासूनचा कार्टिंगमधला मित्र, आणि बियांकी तर त्याचा धर्मपिता होता. फॉर्म्युला वनमधला पहिला विजय, आणि गाडीतून उतरून त्याने फक्त बोट वर आकाशाकडे केले. एकवीस वर्षांच्या त्या मुलाचा चेहरा पाहताना मला माझ्या वर्गातली पहिली रांग आठवत होती.

नवा जोड रात्री नऊला मामांनी मारला. पुन्हा डीपी केली, स्वच्छ निघाली. पण डेव्हलपरचा डबा संपला, उद्यमबागेतली दुकाने बंद होती, आणि उजव्या बाजूचे मागचे अकरा जोड राहिले. सुट्टीनंतर पाहू, असे मी म्हणालो.

त्याच रात्री साडेदहाला खानापूरहून त्या मुलाच्या आईचा फोन आला. "सर, पोरगा घरी आलाय पण बोलीनाच झालाय. मोबाईलवर ते जळालेलं काय काय बघतोय. त्याला गाडीत बसवायचं का नको, तुम्हीच सांगा." एखाद्या शिक्षकाने अशा वेळी "काळजी करू नका ताई" म्हणावे, अशी अपेक्षा असते, आणि ते वाक्य माझ्या ओठांवर आलेही होते. मी ते गिळले. सकाळी सापडलेल्या रेघेविषयी तिला सर्व सांगितले, ती माझ्या नजरेतून सुटली होती हेही सांगितले, आणि सण झाल्यावर स्वतः येऊन गाडी बघा, मग दोघांनी मिळून ठरवा, असे म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "येतो."

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी त्या मुलाबरोबर आल्या. हातात मोदकांचा डबा होता, तो त्यांनी मामांकडे दिला आणि सरळ चेसिसजवळ गेल्या. मुलाने त्यांना बसायची जागा दाखवली, पट्टे कुठे येतात ते दाखवले, पाच सेकंदांत बाहेर यावे लागते म्हणून स्वतः आत बसून उडी मारून दाखवले. त्यांचे लक्ष त्याच्या उडीकडे फार नव्हते. त्यांनी विचारले, "तो जोड कुठला?" मी दाखवला. त्यांनी त्यावर तळवा ठेवला, मग अंगठ्याने वेल्डच्या कडा चाचपून पाहिल्या. भाकरीची कड शेकली आहे का ते बघताना जसा अंगठा फिरतो, तसा तो फिरत होता.

"हा नवा मारलेला?"

"हो ताई. मामांनी."

"आणि पलीकडच्या बाजूचे बघितलात काय?"

नवा डबा आणून आठवडा झाला होता आणि तो कपाटात होता. अकरा जोड तसेच राहिले होते. मी ते खरे सांगितले. त्या काही रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मग आत्ता करा. मला घाई नाही."

मुलाने स्वतः लाल रंग फवारला. वाट पाहण्याच्या पंधरा मिनिटांत मामांनी मोदक वाटले, पण ज्याने तो जोड मारला होता त्या मुलाने हातातला मोदक तसाच धरून ठेवला. मग पुसून झाले, पांढरे मारून झाले, आणि आम्ही सगळे उजेड तिरपा धरून एकेक जोड पाहत गेलो. अकरावा जोडही पांढराच राहिला, तरी ताई खुर्चीवर परत बसल्या नाहीत. त्या वाकून, पदर खोचून, पहिल्या जोडापासून पुन्हा पाहू लागल्या.