‘हाँ, लिया’

रिमांडचा, म्हणजे पकडलेल्या माणसाची कोठडी मागायला पोलीस कोर्टात आणतात तो कागद मी खालून वर वाचते. आधी सही, मग सहीजवळची तारीख आणि वेळ, मग अटकेचा फॉर्म. गुन्हा काय आहे ते सगळ्यात शेवटी. वरून वाचायला घेतलं की फिर्यादीची हकीकत डोक्यात पक्की बसते आणि समोरचा माणूस त्या हकीकतीतला चोर म्हणूनच दिसायला लागतो. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना तो देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनलवर अकरा वर्षं रिमांड वकील म्हणून काम केल्यावर लागलेली ही सवय आहे. त्या रविवारी ती कामाला आली, तरी पुरेशी नव्हती. म्हणूनच हे लिहितेय.

पकडलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही एक कोर्ट चालू असतं. रविवारी तिथे साहेब, एक लिपिक, एक शिपाई आणि मी. पोलिसांच्या गाड्या बाराच्या सुमाराला येतात आणि सगळ्या एकदमच येतात. एका आरोपीशी बोलायला मला पाचेक मिनिटं मिळतात. तीही व्हरांड्यात, त्याचा हात शिपायाच्या हातात असताना. आमच्यातले काही जण तेवढंही बोलत नाहीत. ‘नाव विचारतील, सांग. तक्रार आहे का विचारतील, नाही म्हण,’ एवढं सांगून पुढच्याकडे वळतात. पॅनलचं मानधन वेळेवर येत नाही हे मलाही माहीत आहे. पण त्याचा हिशोब हातकडीतल्या माणसाकडून वसूल करायचा नसतो.

त्या दिवशी तीन गुन्ह्यांतले पाच आरोपी होते. पाचही जणांच्या कागदावर एकच वाक्य होतं : ‘अटकेची कारणे आपणास समजेल अशा भाषेत समजावून सांगितली असून ती समजली आहेत.’ छापील वाक्य, नावापुरती मोकळी जागा. त्यातल्या एकाखाली सही होती ती गोल गोल अक्षरांत. मला ती तेलुगू वाटली. वरचा सगळा मजकूर मराठीत.

मुलगा बावीस-तेवीसचा, फरशी बसवणारा. गुन्हा राहत्या घरातल्या चोरीचा, भारतीय न्याय संहितेचं कलम 305, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जिथे काम चालू होतं त्या घरातून मंगळसूत्र आणि चाळीस हजार रुपये गेले होते. फिर्यादी घरमालकीण. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात आधी नोटीस देऊन बोलवावं, अटक करायचीच तर गरज का ते लिहावं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम 35 मध्येही ते आहे. त्यासाठी तपासी अंमलदाराने एक तक्ता भरायचा असतो. इथे तक्त्यातल्या सगळ्याच रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. पळून जाईल, पुरावा नष्ट करेल, साक्षीदारांवर दबाव आणेल, सगळंच. फरशीवाला मुलगा साक्षीदारांवर कसला दबाव आणणार होता?

रिमांड रिपोर्टमध्ये लिहिलं होतं : ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली असून मुद्देमाल हस्तगत करणे बाकी आहे.’ पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही. पण तिच्या आधारे वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून हे वाक्य असतं, आणि त्याच्या मागोमाग पाच दिवसांच्या पोलीस कोठडीची मागणी असते.

मी त्याला हिंदीत विचारलं, “पैसे घेतले का?”

“हाँ, लिया.”

इथपर्यंत मी दरवेळी येते आणि पुढच्या प्रश्नाकडे जाते. घरी कोण, आधीचा गुन्हा आहे का, मारलं का. त्या दिवशी फक्त त्या सहीमुळे थांबले. विचारलं, “किसका पैसा?” तो म्हणाला, “दादन का.”

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. शिपाई म्हणाला, “दादांचा म्हणतोय मॅडम, ठेकेदाराला दादा म्हणतात ही पोरं.” पटण्यासारखं होतं.

फॉर्ममध्ये ‘अटकेची माहिती कोणास दिली’ या रकान्यात त्या ठेकेदाराचंच नाव होतं. नातेवाईक किंवा विश्वासातला माणूस कळवायचा असतो. तो कोण, हे आरोपीने सांगायचं असतं. मी विचारलं, घरचं कोणी? भावाचा नंबर त्याला पाठ होता. तो शिपाई भला माणूस. आत पुकारा होईपर्यंत त्याने मला माझ्या फोनवरून बोलू दिलं. स्पीकर लावला. दोघं भाऊ ओडियात भडाभडा बोलायला लागले, आणि पलीकडचा मध्येच रडायला लागला.

मग भावाने मला हिंदीत उलगडून सांगितलं. दादन म्हणजे उचल. ओडिशातून मजूर बाहेर नेताना ठेकेदार आधी पैसे देतो, ते फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. याने आठ हजार घेतले होते आणि गावी जायचं म्हणत होता. त्याला वाटत होतं, उचल न फेडता निघाला म्हणून ठेकेदाराने पोलिसांत दिलंय. रात्रभर जो कोणी ‘पैसा लिया?’ विचारत होता, त्याला तो खरं तेच सांगत होता. हाँ, लिया. मंगळसूत्राचं नाव त्याने भावाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आत पुकारा झाला. मी उभी राहिले आणि आधी कोठडीवर बोललेच नाही, घटनेच्या कलम 22(1) वर बोलले. घटनेच्या मसुद्यात जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या, आजच्या 21 व्या कलमातून ‘यथोचित प्रक्रिया’ हे शब्द गळले, तेव्हा त्याची भरपाई म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर 1949 मध्ये हे कलम आणलं होतं. अटकेची कारणं सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत न्यायाधीशासमोर आणा. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात, स्पष्ट केलं की ही कारणं सगळ्याच गुन्ह्यांत लेखी द्यायची, आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि फार तर रिमांडला उभं करण्याच्या दोन तास आधीपर्यंत. नाहीतर अटक बेकायदेशीर. भाषेचा मुद्दा त्याहून जुना आहे. स्थानबद्धतेची, म्हणजे खटल्याविना अडकवून ठेवण्याची, कारणं समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात, हे 1962 मध्ये ठरलं. तो खटलाही महाराष्ट्राचाच.

तपासी अंमलदार म्हणाले, “साहेब, चार वर्षं इथे आहे. मराठी कळतं त्याला.” सरकारी वकिलांचा आक्षेप जास्त धारदार होता, आणि रास्तही : दुभाषी कोण, तर आरोपीचा भाऊ. तो काहीही सांगेल. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर साहेबांनी काढलं. भावाला बाजूला ठेवलं, मला गप्प बसायला सांगितलं. अटकेचा कागद मुलाच्या हातात दिला आणि सावकाश, सोप्या हिंदीत विचारलं, “इसमें क्या लिखा है?” तो कागदाकडे बघत राहिला. “तुम्हें क्यों पकड़ा है?” तो म्हणाला, “काम छोड़ा. सेठ का पैसा बाकी है.” साहेबांनी ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. मग सरकारी वकिलांना म्हणाले, “तो खरं बोलतोय का, हे आज मी ठरवत नाही. कशासाठी पकडलं हे त्याला कळलंय का, एवढंच बघतोय.”

कोठडी नामंजूर. अटक बेकायदेशीर, सुटकेचा आदेश. तपास चालू ठेवायला आडकाठी नाही, नोटीस देऊन बोलवा. इतक्या वर्षांत पहिल्या रिमांडला असा आदेश मला दोनदाच मिळालाय. मला आनंद झाला होता, तो मी लपवला नाही.

मग व्हरांड्यात त्या बाई भेटल्या. साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. मंगळसूत्र नवरा गेल्यावर डब्यात ठेवलेलं होतं. आवाज न चढवता म्हणाल्या, “त्याला कागद कळला नाही म्हणून सुटला. पण माझ्याकडे चोरी झाली, हे तर खरं आहे ना?”

हो, म्हणाले. खटला संपलेला नाही, तपास होईल, हेही म्हणाले. खरं तर त्यांना सांगायला हवं होतं की ‘कबुली’ मिळाल्यावर तपास तिथेच थांबला होता. त्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्या बाकी कोणाला कोणी काही विचारलंच नव्हतं. आठ हजारांच्या उचलीवर पाच दिवस कोठडी गेली असती आणि मंगळसूत्र तेवढं लांब गेलं असतं. हे सुचलं तेव्हा त्या रिक्षात बसल्या होत्या. त्या मुलानेच ते घेतलं नसेल, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला. नोटीस आली होती, या वेळी हिंदीत. फोनवर भावाने ती मुलाला दोनदा वाचून दाखवली आणि ठरल्या तारखेला मुलगा पोलीस ठाण्यात जाऊन आला. मंगळसूत्र अजून सापडलेलं नाही.

आता मी पहिला प्रश्न बदललाय. “घेतलंस का?” विचारत नाही. “तुला कशासाठी आणलंय असं तुला वाटतं?” असं विचारते. पाच मिनिटांतली दोन त्यातच जातात.

माझ्या जुन्या डायऱ्या कपाटात आहेत. प्रत्येक रिमांडच्या नोंदीत नाव, कलम, आणि पुढे माझा एक शेरा. त्या रविवारनंतर मी त्या काढून बसले. 2021 पर्यंत मागे गेलेय. ‘कबूल म्हणतो.’ ‘कबूल.’ ‘कबूल म्हणतो.’ अक्षर माझंच आहे. त्यातले कितीतरी जण बाहेरून आलेले, हिंदीही जेमतेम बोलणारे. काय विचारल्यावर ते ‘हो’ म्हणाले होते, ते मी कुठेच लिहिलेलं नाही.