नाल्ट्रेक्सोन चालू असताना ऑपरेशन : नाशिकमधला माझा अनुभव

दादाच्या मांडीतला रॉड निघाला, जखम भरली, तो पुन्हा टेम्पोवर जायला लागला. तरी त्या रुग्णालयातल्या भूल-तपासणीच्या काउंटरचा विषय निघाला की माझं डोकं आजही तापतं. घरात कुणी नाल्ट्रेक्सोनवर, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांची नशा अडवणाऱ्या गोळीवर असेल आणि ऑपरेशन ठरलं असेल, तर हे वाचून ठेवा.

घोटीजवळच्या अपघातात दादाचं मांडीचं हाड मोडलं आणि रॉड बसवावा लागला. दुखण्यावर ट्रॅमाडॉल दिलं होतं, म्हणजे अफूच्या जातीचं (ओपिऑइड) वेदनाशामक. हाड जुळलं, कॅप्सूल मात्र सुटली नाही. आधी एकीत भागायचं, मग दोन लागायला लागल्या, मग त्याहून जास्त. शरीर सरावलं की तेवढ्याच औषधाने काही होत नाही. आणि वेळ चुकली की पाय ओढायचे, घाम फुटायचा, पोटात कळा यायच्या. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, तरी ज्याला लागतं तो कुठून तरी मिळवतोच.

गंगापूर रोडवरच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे ते सुटलं. सुटतानाचा त्रास सगळ्यांना ऐकून माहीत असतो, त्यात जात नाही. तो त्रास कमी करणाऱ्या क्लोनिडिनच्या गोळीने बराच आधार मिळाला. वहिनीचा हट्ट होता की नशा अडवणारी गोळी लगेच सुरू करा. डॉक्टर ठाम नाही म्हणाले. मेंदूतल्या ज्या जागांवर ट्रॅमाडॉल, मॉर्फिन, हेरॉइन बसतात, त्याच जागा नाल्ट्रेक्सोन पकडतं आणि तिथे काहीच करत नाही. एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं. पण आधीचं औषध अजून बसलेलं असेल तर ही गोळी त्याला उठवून लावते, आणि एरवी हळूहळू येणारा त्रास एकदम, जोरात येतो. म्हणून शेवटच्या कॅप्सूलनंतर साधारण ७ ते १० दिवस कोरडे जायला हवेत. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, ही व्यसनावरच्या उपचारात देतात ती ओपिऑइड औषधं, चालू असतील तर त्याहून जास्त.

सुरू करण्याआधी नॅलोक्सोनचं छोटं इंजेक्शन देऊन पाहिलं. तेही अडवणारंच, पण त्याचा असर लवकर ओसरतो. डॉक्टर दादाचा हात उजेडात धरून अंगावर काटा येतोय का बघत होते. जांभया, नाक गळणं, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळं तपासलं. काही झालं नाही. मग ५० मिलिग्रॅमची गोळी, रोज सकाळी चहाबरोबर, वहिनीच्या समोर. या गोळीची नशा नाही, सवय नाही, बंद केली तर त्रासही होत नाही. यकृताची रक्ततपासणी मात्र आधी करून घ्यावी लागते.

एक गोष्ट डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितली. शरीराचा सराव आता मोडला आहे. गोळी बंद करून दादाने जुना डोस घेतला, तर तोच डोस श्वास थांबवू शकतो.

आता तो काउंटर. रॉड काढायचं ऑपरेशन ठरलं, त्याआधीची भूल-तपासणी.

फॉर्मवर बीपी, शुगर, थायरॉइड, रक्त पातळ करणारी औषधं, सगळ्यांना चौकोन होते. नाल्ट्रेक्सोनला नव्हता. मी डॉक्टरांचं पत्र आणि गोळ्यांची स्ट्रिप पुढे ठेवली. काउंटरवरच्या माणसाने स्ट्रिप उलटसुलट केली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "व्यसन कधीपासून आहे?" दादाने मान खाली घातली ती वर केलीच नाही. फाइलवर स्टिकर लागलं : ओपिऑइड चालू.

मी म्हटलं, हे उलटं झालं. तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही त्याच ग्रुपचं. डॉक्टरांना कळतं."

स्टिकर वाचणाऱ्याला वाटणार, या माणसाला सराव आहे, दुखणं थांबवायला जास्त डोस लागेल. प्रत्यक्षात ऑपरेशनआधी गोळी थांबवल्यावर त्या जागा मोकळ्या होतात, उलट जास्त संवेदनशील झालेल्या असू शकतात, आणि सराव शून्य. जास्त डोस म्हणजे जिवाशी खेळ. आणि गोळीचा असर अजून असेल, तर नेहमीच्या डोसने दुखणंच थांबणार नाही. मग तो वाढवत नेणं हाही धोकाच. हे मी त्याला दोनदा समजावलं. "सिस्टिममध्ये लॉक झालंय, आरएमओंची सही लागेल." आरएमओ, म्हणजे रुग्णालयाचे निवासी डॉक्टर, ऑपरेशन थिएटरमध्ये. बाहेर आले ते म्हणाले, मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र आमच्या नमुन्यात आणा. नमुना काउंटरवर मिळेल. काउंटरवर जेवणाची सुट्टी. नमुन्यात पत्र आणलं तर खुर्चीवर दुसराच माणूस, त्याला पहिल्याचं काहीच माहीत नाही, आणि त्याला मानसिक फिटनेसचा वेगळा दाखला हवा. दादा म्हणाला, "चल घरी. राहू दे तो रॉड." इतके महिने ज्याने रोज गोळी घेतली, त्याला गुन्हेगारासारखं उभं केलं होतं. अमेरिकेत १९८४ पासून मान्यता असलेलं हे औषध, आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाच्या फॉर्मवर त्याला जागा नाही!

शेवटी मी काउंटर सोडून भूलतज्ज्ञांच्या दाराशीच उभी राहिले. मॅडम बाहेर आल्या, पत्र उभ्याउभ्या वाचलं, पेनाने स्टिकरवर काट मारली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं : नाल्ट्रेक्सोन ५०, ओपिऑइड-विरोधी, शेवटच्या गोळीची तारीख, ओपिऑइड टाळणे. भूल मणक्यातून, कारण मणक्यात देतात त्या औषधाचा मेंदूतल्या या जागांशी संबंध नाही. त्या इंजेक्शनात कधी कधी फेंटानिल हे ओपिऑइड मिसळतात, तेही मिसळायचं नाही असं नमूद केलं. नंतर पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारं वेदनाशामक. दादाला म्हणाल्या, "तुम्ही हे आधी सांगितलंत, फार बरं केलंत." त्या वाक्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. तर सांगायचं म्हणजे, काउंटरशी वाद घालत बसू नका, थेट भूलतज्ज्ञांना भेटा.

गोळी ऑपरेशनच्या किमान ७२ तास आधी थांबवायची होती. हे मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचं, आपल्या मनाने नाही. तो काळ सगळ्यात उघडा असतो, नशा अडवायला गोळी नसते. वहिनी आणि मी आळीपाळीने त्याच्यासोबत राहिलो. ऑपरेशनमध्ये ओपिऑइड दिलंच नव्हतं, म्हणून गोळी लवकर पुन्हा सुरू करता आली. दिलं असतं तर परत ते कोरडे दिवस मोजावे लागले असते. डिस्चार्ज कार्डावर काय काय दिलं ते वाचूनच घरी या.

गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये नसते. आम्हाला गोळे कॉलनीत मिळाली. संपायच्या आधीच आणून ठेवा.

अपघातात ७२ तास कोण देणार? म्हणून दादाच्या पाकिटात लायसन्सच्या मागे एक कार्ड आहे : औषधाचं नाव, डोस, डॉक्टरांचा नंबर. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी नाल्ट्रेक्सोनवर असताना नीट काम करत नाही, तेव्हा कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. आणि सुरुवात कुठून करायची हेच कळत नसेल, तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे.