परमिट काढलंय का? तुम्ही विचारलंत म्हणून

“तुमच्यात दारू चालते ना? मग कायद्याचं एवढं काय मनावर घ्यायचं?” ऑफिसात, लग्नाच्या मांडवात, विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसल्या बसल्या, हा प्रश्न मला येतच असतो. मी वसईचा, कॅथलिक, नाताळात एखाद-दुसरा पेग घेणारा. विचारणाऱ्याचा रोख साधारण असा, की जे तुमच्या धर्मात पाप नाही ते सरकारने बंद केलं, तर त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय? पकडलं तर दंड भरा, नाही पकडलं तर मजा करा.

आधी ते ‘तुमच्यात’ जरा आवरू. सगळ्या ख्रिस्ती लोकांत चालत नाही. नगरचं बूथ हॉस्पिटल ज्या सॅल्व्हेशन आर्मीचं, तिचा सैनिक दारू आणि तंबाखू दोन्ही सोडतो. आम्हा कॅथलिकांच्या वेदीवरच वाईन असते, त्यामुळे पिण्याला सरसकट पाप म्हणायची सोय नाही. पिऊन तोल जाणं मात्र पाप, आणि ते कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापं कबूल करताना, सांगावं लागतं.

आता कायदा. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, हे निम्म्या पिणाऱ्यांना माहीतच नसतं. बंदी कधी उठलीच नाही, परवान्यांनी सैल होत गेली. कागदोपत्री प्यायलासुद्धा परमिट लागतं. एका दिवसाचं देशीला दोन रुपये, विदेशीला पाच, आणि आयुष्यभराचं हजार रुपये. वय २५, बियरला २१. प्रत्यक्षात दुकानदार पुस्तकात सुचेल ते नाव लिहितो आणि बाटली कागदात गुंडाळून हातात देतो. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वाईनसाठी त्याच कायद्यात वेगळी सवलत आहे. म्हणजे सरकारने आमची वेदी सोडली, जेवणाचं टेबल तेवढं धरलं.

बायबलमध्ये संत पौलाने रोमकरांना लिहिलं, की सत्तेच्या अधीन राहा, आणि तेही केवळ शिक्षेच्या भीतीने नाही तर विवेकासाठी. दुसरीकडे येशूचा शिष्य पेत्र यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभा राहून सांगतो, की माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे. पण पेत्राला प्रभूचं नाव घ्यायला बंदी होती, क्वार्टर घ्यायला नव्हे. ड्राय डेला बाटली मिळवणाऱ्याने पेत्राचा आधार घेऊ नये, एवढी तरी लाज आपण बाळगावी.

या प्रश्नावर मला सगळ्यात शहाणा वाटतो तो तेराव्या शतकातला कॅथलिक धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस. तो म्हणतो, माणसांचा कायदा सगळे दुर्गुण बंद करत नाही आणि करूही नये. कायदा पुष्कळांसाठी असतो, आणि पुष्कळ जण काही सद्गुणांचे पुतळे नसतात. म्हणून कायद्याने मुख्यतः दुसऱ्याला इजा करणारे मोठे दोष रोखावेत, खून, चोरी असले. इथवर आमचे पिणारे मित्र खूश होतात. पण तोच पुढे म्हणतो, की कायदा सर्वांच्या हिताचा असेल, करणाऱ्याच्या अधिकारातला असेल आणि त्याचं ओझं सगळ्यांवर योग्य प्रमाणात पडत असेल, तर तो विवेकालाही बांधतो.

यातून पळायला कॅथलिकांनीच एक वाट काढून ठेवली आहे. डॉमिनिकन संन्याशांनी १२३६मध्ये ठरवलं, की आपल्या संघाचे नियम मोडणं हे पाप नव्हे, त्याला फक्त शिक्षा. पुढे काही पंडितांनी तेच सरकारी कायद्यांना लावलं. दंड भरला की देवाकडचं खातं कोरं. मला हे फार सोयीचं वाटतं, आणि म्हणूनच त्यावर माझा विश्वास नाही. संन्यासी स्वखुशीने संघात जातो, त्याचा नियम आणि रस्त्यावरचा कायदा एका मापाने मोजता येत नाहीत.

माझा हिशेब वेगळा आहे. मोडलेला कायदा कुणाच्या मानेवर पडतो, ते मी बघतो. मोरारजी देसाईंच्या दारूबंदीत मुंबईत चोरट्या दारूचे ‘आंटी’चे अड्डे निघाले. त्यातल्या बऱ्याच आंट्या आमच्याच, ख्रिस्ती. घरातले म्हातारे त्या गोष्टी रंगवून सांगतात. पिणारा पाय मोकळे करत घरी जायचा, धाड पडली की ठाण्यात जायची ती बाई, आणि हप्ताही तिनेच द्यायचा. ज्यांच्याकडे पैसा होता ते डॉक्टरचा दाखला आणून प्रकृतीच्या नावाखाली परमिट मिळवायचे. दहा आज्ञांमध्ये दारू कुठेच नाही. खोटी साक्ष मात्र आहे, आठवी.

म्हणून पाच रुपयांच्या पावतीवरून मला झोप उडत नाही. जो नियम सरकारच गंभीरपणे घेत नाही, तो न पाळणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही. अक्वायनसही रूढीला कायद्याचं बळ देतो. पण २ ऑक्टोबरला किंवा आषाढीला मागच्या दाराने जास्त पैसे मोजून बाटली आणणं, याला मी किरकोळ म्हणत नाही. त्या पैशातून कुणाचा तरी हप्ता जातो, आणि पकडला जातो तो दुकानातला पोऱ्या. चोरट्या धंद्याची सवय कुठवर नेते ते मालाडच्या मालवणीत २०१५ साली दिसलं. विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, बहुतेक हातावर पोट असलेली. आणि पिऊन गाडी चालवणं तर या चर्चेतच येत नाही, ते किरकोळ नव्हेच.

जुगाराचंही विचारतात, विशेषतः हाउजीवरून, म्हणजे तिकिटावरचे आकडे खोडायच्या तंबोल्यावरून, टोमणा मारत. आमच्या सणाला हाउजी नसेल तर सण कसला! चर्चच्या शिकवणीत पैसे लावून खेळणं मुळात अन्याय नाही. घरच्या गरजेचे पैसे त्यात गेले किंवा व्यसन जडलं की वाईट. १८८७चा जुगारबंदी कायदा प्रामुख्याने अड्डा चालवून नफा काढणाऱ्याच्या मागे आहे, नाताळात चार आण्यांची रमी खेळणाऱ्या मावश्यांच्या नाही. पण तिकिटांच्या पैशातला मोठा वाटा मंडळाने ठेवायचा आणि वर त्याला मनोरंजन म्हणायचं, हे मला खटकतं. मी समितीत तसं बोललो. त्यानंतर मला मंडप आणि खुर्च्यांचं काम मिळालं.

राहिला शेवटचा प्रश्न, जो हमखास येतो: मग तुझ्याकडे परमिट आहे का? आहे, आयुष्यभराचं. पुण्य लागेल म्हणून नाही काढलं. बावीस वर्षांचा भाचा आहे घरात. त्याला बियर चालते, व्हिस्कीला अजून तीन वर्षं आहेत, आणि मामा स्वतः कसा वागतो यावर त्याचं बारीक लक्ष असतं. गेल्या नाताळात त्याने ग्लास पुढे केला आणि मी त्याला बियर दिली. त्याच्या बापाने मात्र नंतर गुपचूप दुसरं काहीतरी ओतलं. त्यावरून आमच्यात अजून वाद चालू आहे.